होडी आधी, इंजिन शेवटी: धरणाच्या पाण्यात गळ टाकायला छोटी होडी निवडताना

होडी घ्यायची ठरली की माणूस आधी इंजिन बघायला धावतो. मीही तेच केलं. ओळखीतून ९.९ हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन मिळालं, आणि इंजिनाला शोभेल अशी होडी पाहिजे म्हणून किनारपट्टीवरच्या एका गावातून १६ फुटी फायबरची होडीही उचलली. समुद्रासाठी बांधलेली. चोर्ला घाट चढून ती बेळगावात आली तेव्हा गल्लीतली पोरं गोळा झाली, शेजारच्या काकांनी नारळ फोडला. पहिल्याच रविवारी हिडकल धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे मागं साठलेल्या पाण्यावर, नेली. एप्रिल महिना. पाणी रस्त्यापासून दोनशे पावलं आत सरकलेलं आणि मधे नुसता गाळ. होडी अडीचशे किलोच्या वर, ढकलणारे आम्ही तिघे. दहा पावलांत गुडघाभर रुतलो. पलीकडं जाळं निवडत बसलेले एक मामा उठून आले, होडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही होडी न्हवं ओ, हे घर हाय. पाण्यातच ऱ्हायाचं ह्यानं. वर कोण काढतंय?"

ती होडी पुढं दोन वर्षं आमच्या परसात पालथी पडली होती. आई तिच्यावर सांडगे वाळत घालायची.

त्यानंतर दोन होड्या झाल्या आणि चार मित्रांना होडी घेऊन देताना बरोबर फिरलो. आता कुणी विचारलं की मी एकच क्रम सांगतो: आधी पाणी बघा, मग तुमची माणसं आणि गाडी, मग होडी. इंजिन शेवटी.

पाणी कुणाचं ते आधी विचारा

माझा पुतण्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. तो जिथं मासे धरायला जातो ते लेक आर्थर मोरेन स्टेट पार्कमध्ये आहे आणि तिथं २० हॉर्सपॉवरच्या वरचं इंजिन चालवता येत नाही. तिकडं अशी मर्यादा घातलेली तळी पुष्कळ आहेत. कुठं १०, तर कुठं फक्त बॅटरीवरची मोटर. ९.९ असा विचित्र आकडा कंपन्या का काढतात हे कोडं मला तेव्हा सुटलं: १० च्या मर्यादेखाली बसावं म्हणून. मर्यादेमागची कारणं कुणालाही पटतील अशीच आहेत. लाटांनी काठ खचतो, ऑइल पाण्यात उतरतं, आणि लहान तळ्यात जोरात पळणारी एक होडी बाकी दहा जणांचा दिवस नासवते.

आपल्याकडं तळ्याकाठी हॉर्सपॉवरचा आकडा लिहिलेला फलक मी तरी पाहिलेला नाही. मर्यादा इथंही असते, फक्त ती दुसऱ्या वाटेनं येते. राकसकोप बेळगाव शहराला पाणी पाजतं, जवाहर तलाव निपाणीला. असल्या पाण्यात पेट्रोल इंजिनाचा विचारच मनात आणू नये. हिडकल आणि सौंदत्तीजवळचं नवीलतीर्थ ही मोठी धरणं, पण तिथं भोई आणि अंबिगेर या मासेमार मंडळींची कंडाळी, म्हणजे पाण्यात उभी ताणलेली जाळी, रात्रभर लागलेली असतात. तुमच्या इंजिनाच्या पंख्यानं एक जाळं फाडलं तर त्या माणसाचा आठवडा गेला. लहान गावतळ्यांत मासे सोडलेले असतात आणि पाणी कुणाच्या तरी ठेक्यात असतं. तिथं ठेकेदाराला न विचारता गळ टाकणं म्हणजे सरळ चोरी.

म्हणून पहिली फेरी होडीच्या दुकानात मारू नका, मत्स्य खात्याच्या तालुका कार्यालयात मारा. मासेमारीचा परवाना कसा, कोणत्या महिन्यांत बंदी, गळाला वेगळा नियम आहे का, हे तोंडी विचारा आणि जमलं तर लिहून घ्या. धरणाचा काठ पाटबंधारे खात्याचा, म्हणजे इथं कर्नाटक नीरावरी निगमचा. होडी कुठून उतरवायची ते त्यांच्या माणसाला विचारावं लागतं. यंत्रावर चालणाऱ्या होडीला २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्याखाली तपासणी आणि नोंदणी लागते. वल्ह्याच्या होडीचं झेंगट त्या मानानं बरंच हलकं, आणि नवख्यानं वल्ह्यापासून सुरुवात करावी असं मी म्हणतो त्याला हेही एक कारण आहे. चंदगडकडं, म्हणजे महाराष्ट्रात, जंगमहट्टीच्या धरणावर गेलात तर राज्य बदललं, खातं बदललं, परवानाही बदलला. पाणी तेच दिसतं म्हणून फसू नका.

काठावरचे फलक कन्नडमध्ये असतात. लिपी येत नसेल तर निदान दोन शब्द ओळखीचे करून ठेवा: 'अपाय' म्हणजे धोका, 'ईजबारदु' म्हणजे पोहू नये. आपल्या अपायाचा अर्थही फार लांब नाही.

एकच पाणी, बारा महिने वेगळं

बेळगावात पावसाळ्यात सकाळी पेपर उघडला की लोक पाण्याची पातळी वाचतात. राकसकोप भरलं म्हणजे २४७५ फूट, हिडकल भरलं म्हणजे २१७५. होडी घेणाऱ्यानं हे आकडे उन्हाळ्यातही वाचावेत. हिडकलचं पाणी उतरलं की हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर वर येतं. बघायला गर्दी होते. पण मंदिर वर येतं त्याच्या थोडं आधी त्याचा दगडी भाग पाण्याखाली हातभर अंतरावर असतो, आणि तसेच बुडालेल्या गावांचे चौथरे, विहिरींचे कठडे, तोडलेल्या झाडांचे बुंधे. ऑक्टोबरात ज्या वाटेनं होडी सुसाट गेली त्याच वाटेवर मार्चमध्ये पंखा आपटतो. म्हणून आपल्या धरणांवर कमी खोलीत तरंगणारी होडी लागते. माणसं बसल्यावर बूड पाण्यात वीतभरापेक्षा जास्त खाली जायला नको.

दुसरी गोष्ट वारा. हिवाळ्यात सकाळी धरण आरशासारखं असतं, नवखा माणूस त्यालाच धरण समजतो. मार्चनंतर दुपारी वारा उठतो आणि उघड्या फुगवट्यावर तासाभरात टोकदार, आखूड लाटा तयार होतात. समुद्राची लाट लांब असते, होडी तिच्यावर चढते-उतरते. धरणाची लाट आखूड असते, ती होडीला थपडा मारते. आणि एप्रिल-मेमधला वळीव. पाण्यावर असताना वारा अचानक पडला, आभाळात काळं दिसलं, उकाडा दाटला, की गळ गुंडाळून काठ धरायचा. "एवढा एक मासा" म्हणत थांबायचं नाही. ग्राफाइटचा रॉड विजेला वाट देतो. उघड्या पाण्यावर तो उभा धरून बसणं म्हणजे स्वतःच्या डोक्यावर सळई रोवणं.

तुम्ही किती आणि गाडी कोणती

हा भाग लोक वगळतात, आणि निम्म्या होड्या यामुळंच परसात सडतात.

माणसं किती बसणार याचा एक सोपा हिशेब अमेरिकेतल्या होड्यांवर वापरतात: लांबी गुणिले रुंदी, फुटांत, भागिले १५. १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद होडी म्हणजे ४८ भागिले १५, तीन माणसं. त्यात माणूस ६८ किलोचा धरलेला असतो. आपल्याकडं तिसऱ्या माणसाच्या जागी जेवणाचे डबे, पाण्याचा कॅन, मासे ठेवायचा बर्फाचा डबा आणि सतरंजी येते, म्हणून १२ फुटी होडी म्हणजे दोन माणसं असंच धरा. मेव्हण्याला नंतर काठावरून फोटो काढू दे.

मग गाडी. छोटा हत्तीचा हौदा साधारण ७ फुटांचा. १२ फुटी होडी मागं ५ फूट बाहेर येते, १४ फुटी ७ फूट. असं मागं बाहेर आलेलं ओझं पोलीस थांबवतात, आणि थांबवायलाच पाहिजे. कारच्या टपावर न्यायची असेल तर वजन ५० किलोच्या आत हवं, शिवाय दोघांना डोक्यावर उचलता यायला हवी. आता त्या दोनशे पावलांच्या गाळाचा विचार करा. दोन माणसं गाळातून ७० किलो ओढू शकतात, दमतील पण नेतील. शंभर किलोला तिसरा माणूस लागतो. त्याच्या वर गेलात तर दर रविवारी मामा शोधत फिरा.

आता होडी

पट्टीचे मासेमार धरणावर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी लावतात. दूधगंगा-वेदगंगेकाठच्या जुन्या लोकांनी पुरात गुळाच्या काहिलीतून माणसं पलीकडं नेलेली आहेत. काहील गोल असते म्हणून सहसा उलटत नाही, पण सरळही जात नाही. नुसती गरगर फिरते, आणि तिला दिशा द्यायला आयुष्य जावं लागतं. नवख्यानं ट्यूबही नको आणि काहीलही नको.

बूड सपाट असलं की होडी स्थिर असते. उभं राहून गळ फेकता येतो, कमी पाण्यात जाते, आणि कमी ताकदीत पुढं सरकते. तोटा एकच: लाटेवर थपडा खाते आणि अंगावर पाणी उडतं. बूड इंग्रजी व्हीसारखं असलं की लाट कापते, पण काठावर कुणी झुकलं की होडीही झुकते, आणि पळवायला जास्त ताकद खाते. छोट्या इंजिनावर खोल व्ही बुडाची होडी घेणं म्हणजे बैलाला दगडी रूळ जुंपणं. आपल्या धरणांसाठी मी मधलं सांगतो: पुढच्या नाळेकडं थोडं व्ही, मागं सपाट. राकसकोपसारख्या लहान पाण्यावर मात्र पूर्ण सपाट बुडाची होडीच बरी.

काठाची उंचीही बघा. माणसं आणि सामान चढल्यावर पाण्यापासून होडीचा काठ निदान हातभर वर राहिला पाहिजे. विक्रेता रिकामी होडी तरंगवून दाखवतो तेव्हा ती सुंदरच दिसते.

मालाचं म्हणाल तर फायबर मिळायला सोपं, कारण किनारा जवळ आहे. १२ फुटी फायबर होडी ९० ते १५० किलो भरते. समुद्रवाले जाड थर देतात, ती त्यांची गरज आहे, तुमची नाही. तळ्यासाठी पातळ थराची बांधून घ्या, आणि बाकांखाली बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम भरून घ्या म्हणजे पाणी भरलं तरी होडी तरंगत राहील. हा फोम नसलेली होडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

अॅल्युमिनियम माझ्या मते सगळ्यात सोयीचं. १२ फुटी होडी ६० ते ८० किलोत होते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टिग वेल्डिंग करणारे चांगले कारागीर आहेत, तिथून बांधून घेण्याचा मोह होतो, मलाही झाला. पण पत्रा ५०५२ किंवा ५०८३ या प्रतीचाच घ्या, बुडाला निदान २ मिमी जाडीचा. भांड्यांचा मऊ पत्रा दगडावर घासला की फाटतो. आणि लोखंडी बोल्ट अॅल्युमिनियमवर थेट लावू नका, मधे नायलॉनचा वायसर घाला, नाहीतर भोवतीचा पत्रा हळूहळू खाऊन जातो. कारागिरानं होडी आधी कधी बांधलेली नसेल तर त्याच्यासमोर एखादी तयार होडी उलटी ठेवून मापं घेऊ द्या. कागदावरच्या चित्रावरून आमच्या एका मित्राला मिळाली ती होडी नव्हती, झाकण नसलेली टाकी होती.

हवा भरायची पीव्हीसी होडी फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला पटकन पटते. बॅगेत मावते, पलंगाखाली जाते, स्थिरही असते. पण आपल्या धरणांच्या काठाला विलायती बाभूळ आहे. पाणी ओसरलं की त्या काटेरी फांद्या गाळात तशाच गाडलेल्या राहतात, वरून शिंपल्यांच्या धारदार कडा. घेणारच असाल तर किमान तीन वेगळे हवेचे कप्पे असलेली घ्या, काठावर पहिली दहा पावलं होडी ओढू नका, उचलून न्या. आणि सकाळी टम्म फुगवलेली होडी दुपारी उन्हात सोडू नका. हवा गरम होऊन शिवण उसवते, थोडी काढून ठेवायची.

लाकडाची घेऊ नका असं म्हणत नाही. मरीन प्लायची हातानं बांधलेली होडी सुंदर असते. पण दर वर्षी तिची घासपूस करायला वेळ असेल त्यानंच घ्यावी. माझ्याकडं नाही.

ताकदीचं गणित

होडी पाण्यात बसून चालते तेव्हा तिच्या वेगाला एक नैसर्गिक कुंपण असतं, आणि ते लांबीवर ठरतं. पाण्याला लागलेल्या लांबीचं, फुटांतलं, वर्गमूळ काढा आणि १.३४ नं गुणा, वेग ताशी सागरी मैलांत मिळतो. १२ फुटी होडीचं उत्तर साडेचारच्या थोडं वर, म्हणजे ताशी साडेआठ किलोमीटर. १६ फुटी होडीचं दहाच्या आत. तिथवर जायला २ ते ३ हॉर्सपॉवर पुरतात. त्यापुढं कितीही ताकद लावा, होडी स्वतःनं उठवलेल्या लाटेत अडकून बसते, पेट्रोल जळतं, नाळ वर येते आणि मागं फेस दिसतो.

हे कुंपण ओलांडायचं तर होडी पाण्यावर उचलली गेली पाहिजे, आणि त्यासाठी ती हलकी हवी. ढोबळ हिशेब असा की एका हॉर्सपॉवरमागं २० ते २५ किलोपेक्षा जास्त ओझं नको. समजा ९.९ चं इंजिन. होडी ७० किलो, इंजिन ४०, टाकी आणि पेट्रोल १०, तुम्ही ७०, सामान २०. एकूण २१०, म्हणजे हॉर्सपॉवरमागं २१. होडी उचलते. आता मित्राला बसवा. २८० झाले, हॉर्सपॉवरमागं २८. उचलत नाही. तेच इंजिन, तीच होडी, आणि अर्ध्यावर आलेला वेग. माझ्या १६ फुटीचं तर गणित करायचीही गरज नव्हती.

म्हणजे छोट्या इंजिनाच्या पाण्यावर दोनच शहाणे पर्याय उरतात. एक तर हलकी होडी घेऊन एकट्यानं पळा, नाहीतर दोघं-तिघं मिळून ताशी सहा-सात किलोमीटरनं निवांत जा आणि त्याला २ ते ३ हॉर्सपॉवरचं, १५-१७ किलोचं इंजिन लावा. मी दुसऱ्या पक्षातला. मासा पळून जात नाही.

पेट्रोल इंजिन घेताना दांड्याची, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंतची, लांबी बघायला विसरू नका. इंजिन जिथं अडकवतात त्या मागच्या फळीची उंची टेपनं मोजा: १५ इंच असेल तर आखूड दांडा, २० इंच असेल तर लांब. आखूड दांडा उंच फळीवर लावला की पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं किंचाळतं. लांब दांडा बुटक्या फळीवर लावला की पंखा दगड शोधत फिरतो. टू-स्ट्रोक असेल तर पुस्तकात दिलेल्या प्रमाणात ऑइल घाला, बहुतेकांत लिटरला २० मिली. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते हवेतलं पाणी शोषतं. महिनाभर इंजिन उभं राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर माझं इंजिन चालू होईना, मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडून हिरवट चिकट लगदा दाखवला तेव्हा कळलं.

पिण्याच्या पाण्यावर, आणि खरं तर बहुतेक ठिकाणी, बॅटरीची मोटर बरी. तिची ताकद हॉर्सपॉवरमध्ये सांगत नाहीत, रेट्याच्या पौंडांत सांगतात, आणि ५५ पौंड ऐकून माणूस खूष होतो. १२ व्होल्टवर ती पूर्ण जोरात साधारण ५० अँपियर खाते. गुणाकार केला तर ६०० वॉट. एक हॉर्सपॉवर ७४६ वॉटचा. म्हणजे तुमची ५५ पौंडी मोटर एका हॉर्सपॉवरच्याही आतली. तरी १२ फुटी हलक्या होडीला ती माणसाच्या चालीनं नेते आणि आवाज अजिबात करत नाही. तुलनेला सांगतो, सलग वल्हवणारा माणूस ७५ वॉटच्या आसपास काम करतो, हॉर्सपॉवरचा दहावा भाग.

बॅटरीत लोक घरचा शहाणपणा चालवतात. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी उचलून होडीत ठेवतात. ती पन्नास-साठ किलोची, उंच, आणि होडी कलली की अॅसिड सांडतं. गाडीची बॅटरीही नको, ती क्षणभर जोर द्यायला बनवलेली असते, तासभर रिकामी होत राहायला नाही. शिसं-अॅसिडची खोल वापराची १०० अँपियर-तासाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणजे पूर्ण जोरात जेमतेम तास. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी महाग आहे, पण शिशाची जिथं २८-३० किलो भरते तिथं ही ११ ते १३ किलोत बसते आणि जवळजवळ सगळी वापरता येते. हलक्या होडीत पंधरा किलो वाचणं म्हणजे काय ते वरच्या गणितात आलंच. मोटरीच्या निम्म्या जोरात वापर निम्म्याहून खूप कमी होतो, म्हणून जाताना हळू जा. तार १६ चौरस मिमीची तांब्याची आणि बॅटरीजवळ ६० अँपियरचा ब्रेकर. बारीक तारेनं माझ्या होडीत रबर वितळल्याचा वास आला होता, फळीवर काळा डाग अजून आहे.

जलपर्णीत बॅटरीच्या मोटरीचा पंखा लवकर गुरफटतो. चाकू हाताशी, आणि पंख्यात हात घालण्याआधी बॅटरीची तार काढायची.

इंजिन कुठलंही असो, वल्ही बरोबरच असली पाहिजेत. ४ फूट रुंद होडीला पावणेआठ फुटांच्या आसपास वल्हं लागतं. आखूड वल्ह्यानं होडी चालत नाही, फक्त पाठ धरते.

जुनी होडी बघताना

नवख्यानं जुनी घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून. फायबरच्या बुडावर एक रुपयाच्या नाण्यानं ठोकत जा, सगळीकडं टणटण आवाज आला पाहिजे. जिथं भदभद वाजलं तिथं थर सुटलेत. मागच्या फळीला इंजिन लावतात, तिथं दोन्ही हातांनी धरून वर-खाली रेटा. हलली, करकरली, की आतलं लाकूड कुजलंय. चांदणीसारख्या बारीक भेगा रंगात असतील तर खाली मार बसलेला असतो. अॅल्युमिनियमच्या होडीत विक्रेत्याच्या अंगणातच आतून पाणी भरा आणि बाहेरून रिव्हेट बघा, कुठं थेंब येतो ते दिसतं. विक्रेता "पाणी कशाला भरताय ओ" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. इंजिन ऐकायचं ते थंड असताना. आधीच गरम करून ठेवलं असेल तर मी घरी जाऊन चहा पिऊन परत येतो.

पहिला दिवस

लाइफ जॅकेट अंगात, बाकाखाली नाही. प्रौढाला १०० न्यूटन तरंगशक्तीचं घ्या. पोहता येतं म्हणून न घालणाऱ्यांची पत्नी काठावर उभी असते तेव्हा तिला विचारा. इंजिन बंद करायची लाल दोरी मनगटाला. नांगराला सिमेंट भरलेला तेलाचा डबा चालतो, दोरी खोलीच्या चौपट. नांगर नेहमी नाळेकडून टाका. वाऱ्यात पिछाडीला बांधला तर लाट मागून होडीत येते. धरणाच्या दरवाज्यांच्या बाजूला जायचंच नाही, आणि पावसाळ्यात विसर्ग चालू असताना होडी घरी.

पहिल्या दिवशी गळ नेऊ नका, खरंच. इंजिन न लावता वाऱ्याच्या दिशेनं अर्धा किलोमीटर जा आणि वल्हवत परत या. येता आलं तर ती होडी तुमची. नाही आलं तर होडी लहान करा किंवा जोडीदार बदला. नंतर काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात, मुद्दाम तिच्यात पाणी भरून बघा, तरंगते का. मग पुढच्या रविवारी कणकेचे गोळे, गांडुळं, रोहू-कटला, चिलापी, जे मिळेल ते.

आणि बुडाचं बूच. होडी वर काढल्यावर आतलं पाणी जाऊ द्यायला मागं तळाला एक भोक असतं, त्याला रबरी बूच असतं. काठावर बूच काढलं की ते खिशात ठेवायचं नाही, गाडीच्या किल्लीलाच बांधायचं. गेल्या नोव्हेंबरात माझं बूच दुसऱ्या पँटीच्या खिशात घरी राहिलं आणि ते कळलं पाण्यात उतरल्यावर, पाय भिजले तेव्हा. करंजाची ओली फांदी तासून, तिच्यावर बनियनची पट्टी गुंडाळून ठोकली. दिवस निभावला. दुपारी तेच मामा जाळं घेऊन जवळून गेले, खुंटीकडं बघितलं आणि म्हणाले, "आता शिकलासा."